घरचा परीक्षक

बाई : त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो. इकडे या, खिडकीपाशी.

चष्मेवाले : हलू दे हो. माझ्या दुकानातल्या स्टुलापेक्षा बरी आहे. हे घ्या तुमचं पुस्तक. म्हणजे शाळेचं. फ्रेंचची डिक्शनरी. टकळीच्या उशाशी होती.

बाई : अहो, एवढ्यासाठी दुकान बंद ठेवून कशाला आलात? कुणाच्याही हाती पाठवली असतीत तरी चाललं असतं.

चष्मेवाले : पुस्तक हे निमित्त झालं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

बाई : त्या दिवशी मी आले होते तुमच्या घरी. वर्गातल्या मुलीही होत्या. तुमच्याशी बोलायचं होतं, पण तशीच मागच्या मागे निघून आले.

चष्मेवाले : पाहिलं मी. बरं केलंत. त्या दिवशी जो तो बोलतच होता.

बाई : टकळी म्हणता तुम्ही तिला?

चष्मेवाले : दुसरं काय म्हणणार? जन्मली तीच बडबडत. तिची आई म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली विहिरीत टाका. आई लवकर गेली. मग घरात बोलायचं काम हिचं आणि ऐकायचं काम माझं, अशी वाटणीच झाली. वर्गातही बोलायची का हो?

बाई : फ्रेंचमध्ये बोला म्हटलं की सगळा वर्ग खाली माना घालतो. ही एकटी उभी राहायची. दहा चुका करायची, क्रियापदं अर्ध्यावर टाकून पुढे पळायची, पण थांबायची म्हणून नाही. मी म्हणायचे, 'अगं, श्वास तरी घे.'

चष्मेवाले : श्वासाचीच तर बोंब होती.

बाई : माफ करा. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चष्मेवाले : माफी कसली! तिनंच कळू दिलं नाही कुणाला. बाई, मला फ्रेंच येतं. अर्धं.

बाई : म्हणजे?

चष्मेवाले : प्रश्न येतात. उत्तरं येत नाहीत.

बाई : कसले प्रश्न?

चष्मेवाले : तोंडी परीक्षेचे. मी घरचा परीक्षक होतो ना! संध्याकाळी दुकान बंद करून आलो की ती मला समोर बसवायची. 'बाबा, आता तू बाबा नाहीस, परीक्षक आहेस.' एकेक प्रश्न माझ्याकडून घोकून घेतला तिनं. म्हटलं, कागदावर लिहून दे बाई, तर म्हणे, तोंडी परीक्षेला कागद कसला? मी चुकलो की कपाळाला हात लावायची. ऐका हं. 'कोमाँ व्हू झापले व्हू?'

बाई : अरे वा! उच्चार... उच्चार चांगला आहे.

चष्मेवाले : 'चांगला'च्या आधी अडखळलात.

बाई : जरा दुकानातला वाटतो.

चष्मेवाले : तीही हेच म्हणायची! 'बाबा, तू गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगतोयस असं विचारू नकोस.' पण मला दुसरं येतंय काय? सगळा जन्म त्यात गेला. भिंग घालायचं आणि विचारायचं, आता नीट दिसतं की मघाशी? तसेच तुमचे फ्रेंच प्रश्न विचारले.

बाई : मला हे काहीच माहीत नव्हतं. ती इतक्या धीटपणे कशी बोलते याचं नवल वाटायचं. बाकीच्या मुलांच्या घरी कोण विचारणार!

चष्मेवाले : नियम कडक होते तिचे. सराव चालू असला की मराठी बंद. मी चुकून मराठीत काही बोललो की ही ढिम्म. भिंतीकडे बघत बसायची. परीक्षक मराठी बोलत नसतात म्हणे. आणि प्रश्न संपले की परीक्षकानं उठायचं, खुर्ची जागेवर ठेवायची आणि दाराबाहेर जायचं. बाहेर जरा थांबायचं. मग मी पाण्याचा पेला घेऊन आत यायचं, बाबा होऊन, आणि विचारायचं, 'काय गं, कसा गेला पेपर?'

बाई : आणि ती?

चष्मेवाले : ती म्हणायची, 'पेपर बरा गेला, बाबा. परीक्षक जरा बावळट होता.' हसा, हसा. मीही हसायचो. दाराबाहेर उभा असायचो ना, तेव्हा ती आत एकटीच खुदुखुदु हसायची. ते ऐकायला मी मुद्दाम वेळ लावायचो.

बाई : तुम्ही माझ्याकडे नेमकं कशासाठी आलात?

चष्मेवाले : सांगतो. शेवटच्या काही महिन्यांत तिला फार बोलवत नव्हतं. जेवढं बोलायची त्यातलं निम्मं या भाषेत, तुमच्या परीक्षेपायी. मी विचारायचो, ती बोलायची, मी मान डोलवायचो. ओ की ठो कळलं नाही मला. पण कानात आहे. रोज तेच ऐकून पाठ झालंय. आणि हॉस्पिटलात, अगदी शेवटी, ती एक वाक्य निराळंच बोलली. ते रोजच्यातलं नव्हतं. तेही जपून आणलंय. मी म्हणून दाखवतो, तुम्ही अर्थ सांगा. माझी पोर माझ्याशी काय बोलत होती ते मला कळलं पाहिजे.

बाई : आधी तेच शेवटचं सांगा ना.

चष्मेवाले : नाही. तक्ता वाचायला देताना आम्ही मोठी अक्षरं आधी देतो. बारीक ओळ शेवटी. माणसाला जरा धीर येतो.

बाई : बरं. तुमच्या पद्धतीनं होऊ द्या.

चष्मेवाले : पहिला प्रश्न झाला, त्यावर ती नाव सांगायची. तेवढं मलाही कळत होतं. मग मी विचारायचो, 'केस्क फे व्होत्र पेर?'

बाई : तुमचे वडील काय करतात?

चष्मेवाले : पेर म्हणजे बाप. हे तिनंच सांगितलं होतं. आणि उत्तरात ती म्हणायची, इंजेनियर. बाई, एवढं तर आंधळ्यालाही कळेल.

बाई : अहो...

चष्मेवाले : मी काही म्हटलं नाही तिला. आजारी पोरीशी कुठे हुज्जत घालायची! बापाच्या धंद्याची लाज वाटत असेल तर वाटू दे, परक्या माणसासमोर सांगायचंय, तर चांगलं सांगते बिचारी. पण सल राहिला. तिच्यासमोर मान डोलवायचो आणि रात्री जेवताना घास उतरायचा नाही.

बाई : तुम्ही तिला विचारायला हवं होतं.

चष्मेवाले : तिनं 'हो' म्हटलं असतं तर?

बाई : ते 'इंजिनिअर' माझं आहे. ऐका. पहिल्यांदा वर्गात तिनं सांगितलं ते 'लुनेतिए'. म्हणजे चष्मे करणारा. या डिक्शनरीतूनच शोधून काढला होता तो शब्द. मलाही ठाऊक नव्हता, फ्रेंच शिकवण्यात केस पांढरे झाले तरी. मी म्हटलं, परीक्षक त्यावर पुढचं विचारतील, तू अडकशील. पुस्तकातल्या नमुन्यात 'इंजिनिअर' आहे, तेच म्हण, मार्क सरळ पडतात.

चष्मेवाले : मग?

बाई : मग काय, भांडली माझ्याशी. 'म्हणजे मी दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाबद्दल सांगू का?' असं तोंडावर म्हणाली. सगळ्या वर्गासमोर. मीही इरेला पेटले. म्हटलं, परीक्षेपुरतं सांग, घरी गेल्यावर बाप बदलत नाही. वाईट बोलले मी. फ्रेंच म्हणजे मार्कांचा विषय, पाठ करा आणि सुटा, हे मुलांनी म्हणावं आणि मी चिडावं; आणि त्या दिवशी मीच तिला ते शिकवलं.

चष्मेवाले : भांडली होय! कडाक्याची?

बाई : चांगली कडाक्याची. लाज कसली घेऊन बसलात? वर्गातल्या निम्म्या पोरांच्या नाकावर तुमच्याकडचे चष्मे. कुणाचा चष्मा दिसला की ही सांगत सुटायची, 'हा माझ्या बाबानं केलाय, काच बघ, काच!'

चष्मेवाले : काय म्हणालात तो शब्द?

बाई : लुनेतिए.

चष्मेवाले : लुनेतिए. लुनेतिए. दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला तर लोक म्हणतील, याचं डोकं फिरलं.

मावशी : बाई, खोली बंद करायची होती. वरचं सगळं झालं कुलूप लावून. अगं बाई, चष्मेवाले तुम्ही?

चष्मेवाले : नमस्कार, मावशी. चष्मा बरा आहे ना?

मावशी : चष्म्याला काय धाड भरलीय? सुईत दोरा ओवते मी, या वयात! पण तुमच्याकडे बघवत नाही हो. पोर काय गोड होती. सकाळी आली की आधी माझ्या स्टुलावर टेकायची, 'मावशी, तुमच्याशी गप्पा मारायच्यात.' मी म्हणायचे, तास सुरू झाला, पळ. तर म्हणायची, 'पळतात ती वरच्या मजल्यावरची. आम्ही फ्रेंचवाले, सावकाश जाणार.' देवाला चांगलंच माणूस लागतं बघा.

बाई : मावशी, जरा वेळ द्या आम्हाला.

मावशी : घ्या, घ्या. मी आहे बाहेर, पायरीवर.

बाई : पुढचा प्रश्न?

चष्मेवाले : 'पुर्क्वा ल फ्रांसे?'

बाई : फ्रेंच का निवडलंत? याचं उत्तर तिचं स्वतःचं होतं. पुस्तकातलं नव्हे. ते मी सांगते, मला पाठ आहे. 'पहिल्या दिवशी मी या वर्गाच्या दाराशी उभी राहिले आणि मला वाटलं, इथे माझ्यासाठी जागा आहे.' शिक्षकांच्या खोलीत मी चार जणांना ते वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्ही हसता माझ्या विषयाला, बघा, भाषेवर जीव जडणं म्हणजे काय. तुम्ही का हसताय?

चष्मेवाले : हसत नाही. सांगू की नको, या पेचात पडलोय.

बाई : सांगा की. मी तुमचं इंजिनिअरचं सांगितलं ना!

चष्मेवाले : ही खोली तळमजल्यावर आहे, बाई.

बाई : आहे. जिन्याखाली. मग?

चष्मेवाले : चित्रकला वर. संगीत वर. तो कॉम्प्युटरचा विषय तर पार गच्चीखाली. डॉक्टरांनी तिला जिना बंद केला होता. एक मजला चढली की ओठ निळे व्हायचे. आवडीचा विषय निवडा म्हणून शाळेनं सांगितलं, तेव्हा ती सगळीकडे खालून बघून आली आणि मला म्हणाली, 'बाबा, एकच विषय जिन्याखाली आहे. मला तोच आवडतो.'

बाई : म्हणजे दाराशी उभी राहून तिला वाटलं...

चष्मेवाले : खरंच वाटलं असणार. जागा होती ना. कुणाला कळू द्यायचं नव्हतं तिला. कळलं की लोक उचलून धरायला येतात, म्हणायची. पण पुढे लागला हो तुमच्या भाषेचा नाद. खोटं नाही सांगत. डिक्शनरी उशाशी घेऊन झोपायला जिना आडवा येत नव्हता.

बाई : आणि मी! ही खोली मिळाली तेव्हा मुख्याध्यापकांशी किती तंडले होते. म्हटलं, माझा विषय म्हणजे काय अडगळ आहे, म्हणून जिन्याखाली टाकता? मला वरची, उजेडाची खोली हवी होती. हट्टानं भांडले. नशीब, हरले.

चष्मेवाले : हरलात म्हणून ती आली.

बाई : हं. विचारा पुढचं.

चष्मेवाले : पुढचं म्हणजे शेवटचंच. मी म्हणायचो, 'सॅ फिनी. व्हू पुव्हे पार्तीर.' मग ती म्हणायची, 'मेर्सी, मस्यू, ओ रव्हार,' आणि मी बाहेर. हे सांगा आधी, मी काय म्हणायचो?

बाई : ते... ते परीक्षा संपल्याचं असतं.

चष्मेवाले : सगळं?

बाई : 'संपलं. आभारी आहे.'

चष्मेवाले : आभाराचं मेर्सी मला येतं. ते तर ती म्हणायची. बाई, गाडीचं लायसन्स हवं असलेली माणसं तक्ता पाठ करून येतात माझ्याकडे. डोळा झाकला तरी घडाघडा वाचतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, मानेकडे बघतो. वाचणारा माणूस मान पुढे काढतो. पाठ म्हणणारा मागे घेतो. तुम्ही आत्ता मागे सरलात.

बाई : त्यानं तुमचं भलं होणार नाही.

चष्मेवाले : भलं व्हायला मी आलोच नाही.

बाई : 'संपलं. तुम्ही आता जाऊ शकता.'

चष्मेवाले : जाऊ शकता.

बाई : खोलीतून. परीक्षेच्या खोलीतून. प्रत्येक परीक्षक हेच म्हणतो, त्यात दुसरं काहीही नाही.

चष्मेवाले : मी हे तिला हॉस्पिटलात म्हटलं.

बाई : सराव होता तो. तिनंच शिकवलेलं वाक्य होतं.

चष्मेवाले : दुपारची वेळ होती. नळ्या होत्या, पण डोळे अगदी स्वच्छ. मला खुणेनं म्हणाली, बस. मी म्हटलं, आज राहू दे. तर भिंतीकडे बघायला लागली. मराठी बोललो होतो ना. मग बसलो. सगळे प्रश्न विचारले. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, अगदी थोडक्यात, पण दिली. मग मी ते म्हटलं. जाऊ शकता, ते. आणि तिनं मेर्सी म्हटलं नाही. ती म्हणाली, 'आँकोर यून केस्त्याँ. सिल व्हू प्ले, पापा.'

बाई : पापा म्हणाली?

चष्मेवाले : पापा. कधी म्हणत नसे. मला वाटलं, थट्टा चाललीय माझी. विचारणार होतो, काय गं म्हणालीस? पण मराठी बंद. आणि फ्रेंचमधलं माझं सगळं संपलं होतं, तिनं शिकवलं तेवढंच येणार ना मला! मी आपली मान डोलवली. उठलो. खुर्ची जागेवर ठेवली. दाराबाहेर गेलो. पेला भरून घेतला आणि नेहमीसारखा थांबलो, आतून हसण्याचा आवाज येतो का ऐकत. आज जरा उशीर लागतोय, असं वाटलं. मग नर्स धावत माझ्या अंगावरून आत गेली.

बाई : नका सांगू पुढचं.

चष्मेवाले : पुढचं नाहीच काही. कसा गेला पेपर, ते विचारायचं राहिलं. सांगा आता. बारीक ओळ आहे, पण वाचा.

बाई : मला थोडं पाणी पिऊ द्या.

चष्मेवाले : प्या. मान मागे घेऊ नका फक्त.

बाई : 'अजून एक प्रश्न विचारा ना, बाबा.'

(बाहेर पायरीवर किल्ल्यांचा जुडगा वाजतो.)

चष्मेवाले : म्हणजे जाऊ नकोस.

बाई : असं म्हणता येणार नाही. तिला कदाचित सराव संपू नये असं वाटलं असेल, एवढंच.

चष्मेवाले : तेच म्हणतोय मी. थांब म्हणत होती पोर. हात जोडून थांब म्हणत होती, आणि मी खुर्ची जागेवर ठेवत होतो. केवढी ती शिस्त माझी!

बाई : नियम तिचा होता. तुम्ही तिचा शब्द मोडला नाहीत.

चष्मेवाले : मोडायला हवा होता, बाई. एकदा मराठीत 'काय गं?' म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं? भिंतीकडे बघत बसली असती. बसू दे की. मी समोर असतो.

बाई : मी खोटंच सांगायला हवं होतं. मला तुमच्यासारखं माणसांच्या मानेकडे बघता येत नाही.

चष्मेवाले : नाही, बरं केलंत. खोटं सांगितलं असतंत, तर दुसऱ्या कुणाला तरी विचारत फिरलो असतो. तिनं मला काहीतरी मागितलं होतं, एवढं तरी आता ठाऊक झालं. काय मागितलं, तेही.

बाई : तिच्या परीक्षेचा दिवस आला तेव्हा बाहेरून परीक्षक आले होते. त्यांनी तिचं नाव पुकारलं. त्यांना सांगायचं राहिलं होतं. दोनदा पुकारलं. मग मी म्हटलं, ती येणार नाही. मला वाटलं, माझ्या विषयात सगळ्यांत चांगली बोलणारी मुलगी न बोलताच गेली.

चष्मेवाले : बोलली की. तुमच्या परीक्षकासमोर नाही, पण बोलली.

मावशी : बाई, झालं का तुमचं? निघायचं?

बाई : नाही, मावशी. बसलोय अजून.

मावशी : बसा बापडे. किल्ली देऊन ठेवते, लावून घ्या. चष्मेवाले, डोळे पुसा. दुसऱ्यांचे डोळे सांभाळता तुम्ही, आपलेही सांभाळा.

चष्मेवाले : बाई, एक मागू?

बाई : मागा.

चष्मेवाले : घरी त्या दोन खुर्च्या अजून समोरासमोरच आहेत. हलवाव्या असं वाटत नाही. संध्याकाळी दुकान बंद करून आलो की मी बसतो माझ्या खुर्चीवर. विचारतो सगळे प्रश्न, ओळीनं. लोक वेडा म्हणतील, म्हणून दार लावून घेतो. पण प्रश्न संपतात हो लगेच. मग ते वाक्य येतं आणि उठावं लागतं. आता तर ते वाक्य माझ्या तोंडातून निघायचं नाही. मला अजून एक प्रश्न शिकवा.

बाई : शिकवते. कोणता शिकवू?

चष्मेवाले : कुठलाही. फक्त उत्तर लांबलचक असेल असा.